शर्यतीची मोटार आणि तिचें वंगण

परभणीकडील जुना गाडीवान वंगणाचें नळकांडें गाडीला बांधल्यावांचून परगांवीं जात नसे. आंख कोरडा पडला, कीं चाक कुरकुरे. तो थांबून वंगण घाली. मोटारीचें इंजिन मात्र अशी सूचना क्वचितच वेळेवर देतें.

चेन्नईनजीक इरुंगट्टुकोट्टै येथें १९९० मध्यें सुरू झालेल्या शर्यतमार्गावर एखादा हौशी तरुण आपली गाडी घेऊन उतरला, तर हें त्यास कळून येईल. तेल इंजिनाच्या तळच्या कुंडींत असतें. पंप तेथून तें शोषून फिरत्या भागांस पुरवितो. वेगानें दीर्घ वळण घेतांना तेल एका बाजूस सरतें. बाजूचा जोर वजनाइतका झाला, तर त्याचा पृष्ठभाग ४५ अंश कलतो. शोषनळीचें तोंड उघडें पडून पंप हवा ओढतो. बेअरिंगांवरील तेलाचा पातळ थर तुटतो, धातूवर धातू घासतो, आणि कांहीं क्षणांत इंजिन निकामी होतें.

मग तेल अधिक भरावें काय? नव्हे. फाजील तेल फिरत्या दांड्यास लागून फेसाळतें. फेसानें वंगण होत नाहीं. तेल काडीवरील वरच्या खुणेपर्यंतच असावें. कुंडींत आडपडदे बसवावे. तेल तापून फार पातळ होऊं नये म्हणून तें निवविणारी जाळी जोडावी. खास शर्यतीच्या गाड्यांत तर बहुधा तेलाची टाकीच निराळी असते.

तथापि खरा राखणदार चालकच. वळणावर तेलाच्या दाबाचा कांटा खालीं आला, कीं त्यानें तत्काळ वेग आवरावा. एक फेरी गेली, तरी इंजिन वांचतें. गाडीवान कुरकुर ऐकून थांबे; येथें कांटा पाहूनच थांबावें लागतें.