संकरित मोटार : नवी घ्यावी की वापरलेली?

'संकरित' हा शब्द महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला नवा नाही. १९६४ साली 'सी.एस.एच.-१' ही संकरित ज्वारी प्रसारित झाली आणि पुढे 'हायब्रीड' हा शब्द बांधाबांधावर रुळला. त्या बियाण्याने पीक वाढवले, तसा एक धडाही दिला. संकरित पिकातून राखलेले बी पुढच्या हंगामात तसे उत्पन्न देत नाही. दरसाल नवे बियाणे विकत आणावे लागते. तोच शब्द आता मोटारींच्या बाजारात आला आहे, आणि वापरलेल्या संकरित मोटारीकडे पाहताना पुष्कळांच्या मनात नकळत तोच हिशेब असतो. पहिल्या मालकाने जोम काढून घेतला, मग दुसऱ्याच्या वाट्याला काय उरणार?

हा प्रश्न हौसेपुरता नाही. शिक्षक असो, तालुक्याच्या कचेरीतील कर्मचारी असो की पंचायतीचा सदस्य, घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे बहुधा मोटारच असते. तिच्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम काढली जाते किंवा पाच-सात वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतले जाते. म्हणून निर्णय जाहिरातीवर न सोपवता कागद-पेन्सिल घेऊन करणे इष्ट ठरते.

दोन इंजिनांचा संसार

संकरित मोटारीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन चालकयंत्रे असतात. ब्रेक लावताना साध्या गाडीत जी शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते, तिचा काही भाग येथे विजेत रूपांतरित होऊन बॅटरीत साठतो आणि गाडी पुन्हा हलताना कामी येतो. ही बॅटरी घरच्या विजेवर भरावी लागत नाही. गाडी ती स्वतःच भरते. अर्थात सारी ऊर्जा मुळात पेट्रोलमधूनच येते. म्हणून तिला विजेची मोटार समजू नये आणि विजेच्या मोटारींना मिळणाऱ्या सवलती तिलाही मिळतील असे गृहीत धरू नये.

ही कल्पना प्रत्यक्ष बाजारात आणणारी 'टोयोटा प्रियस' डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली. भारतात २००८ साली 'होंडा सिव्हिक'ची संकरित आवृत्ती आली. परंतु मध्यम किमतीच्या वर्गात खरी सुरुवात २०२२ मध्ये झाली. त्या वर्षी 'होंडा सिटी'ची संकरित आवृत्ती, 'मारुती ग्रँड व्हिटारा' आणि 'टोयोटा हायरायडर' या गाड्या आल्या. पहिल्या मालकांनी विकलेल्या याच गाड्या आता वापरलेल्या मोटारींच्या बाजारात दिसू लागल्या आहेत. नवी की जुनी, हा प्रश्न आजच का उभा राहिला, याचे कारण हेच.

येथे एका फसगतीची सूचना देणे आवश्यक आहे. 'सौम्य संकरित' आणि 'पूर्ण संकरित' असे दोन प्रकार आहेत. सौम्य प्रकारात विजेचे यंत्र इंजिनाला हातभार लावते, परंतु केवळ विजेवर गाडी चालवीत नाही. २०१५ पासून आलेल्या 'मारुती सियाझ'च्या तशा आवृत्त्या या प्रकारातील होत. 'ग्रँड व्हिटारा' आणि 'हायरायडर' तर एकाच नावाने दोन्ही प्रकारांत विकल्या गेल्या. विक्रेता दोहोंनाही 'हायब्रीड' म्हणतो आणि ते शब्दशः खोटे नसते. म्हणून मूळ खरेदी-पावतीवरील संपूर्ण आवृत्तीचे नाव वाचावे. पूर्ण संकरित गाडी बॅटरी भरलेली असताना इंजिन सुरू न होता आवाजाविना सावकाश पुढे सरकते. ही परीक्षा कोणालाही घेता येते.

बचत कोठे होते, कोठे होत नाही

पुण्याची 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था वाहनांच्या चाचण्या घेते. पूर्ण संकरित 'ग्रँड व्हिटारा'चा प्रमाणित आकडा लिटरमागे २७.९७ किलोमीटर असा आहे. हा आकडा ठरावीक चाचणीतील आहे; गाड्यांची परस्पर तुलना करण्यास तो उपयोगी, घरखर्चाचा अंदाज बांधण्यास नव्हे.

बचत होते ती थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत. पुण्या-मुंबईच्या चौकांत दर दोन मिनिटांनी ब्रेक लागतो आणि त्या प्रत्येक वेळी थोडी वीज परत मिळते. मोकळ्या महामार्गावर ब्रेकच कमी लागत असल्याने परत मिळणारी वीजही कमी. तेथे साध्या गाडीशी असलेले अंतर बरेच घटते.

घाटाबद्दलही एक गैरसमज आहे. घाट उतरताना बॅटरी भरते हे खरे. पण ती किती भरणार? 'हायरायडर'च्या बॅटरीची क्षमता ०.७६ युनिट, म्हणजे विजेच्या बिलावरील जेमतेम पाऊण युनिट. माणसांसह दीड हजार किलो वजनाची गाडी ३०० मीटर उंचीचा घाट उतरते तेव्हा सुमारे सव्वा युनिट ऊर्जा मोकळी होते. वाऱ्याचा अडथळा आणि घर्षण यांत काही जाते, तरीही पायथा येण्यापूर्वीच बॅटरी भरून जाण्याचा संभव असतो. पुढचा उतार इंजिनाच्या रोधावर आणि साध्या ब्रेकवरच उतरावा लागतो.

हिशेबाचा ताळा

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. ज्याने-त्याने आपले आकडे घालावेत. पेट्रोलचा दर लिटरला १०५ रुपये धरला. शहरी रहदारीत साधी गाडी लिटरला १४ किलोमीटर आणि पूर्ण संकरित गाडी २० किलोमीटर जाते असे मानले. दोन्ही नव्या गाड्यांच्या किमतीत साडेतीन लाखांचे अंतर धरले.

वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाचे सुमारे २५७ लिटर, म्हणजे २७,००० रुपये वाचतात. साडेतीन लाख भरून निघण्यास तेरा वर्षे लागतील. वर्षाला ३०,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे ६४३ लिटर, म्हणजे साडेसदुसष्ट हजार रुपये वाचतात. त्याची भरपाई पाच वर्षांच्या थोडे पुढे होते. आणि उदगीरसारख्या गावाजवळच्या शाळेत मोकळ्या रस्त्याने जाणाऱ्या, वर्षाला १२,००० किलोमीटरच फिरणाऱ्या शिक्षकाची गाडी साधी असूनही १७ किलोमीटर देत असेल, तर त्याची वार्षिक बचत अकरा हजारांच्या आसपासच राहील. त्या गतीने जादा किंमत वसूल होण्यापूर्वी गाडीच जुनी होईल. अशा शिक्षकाने नवी संकरित गाडी घेऊ नये असे नाही. परंतु पेट्रोल वाचेल या एकाच आशेवर ती घेऊ नये.

नव्या गाडीवरील कराचाही विचार हवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. चार मीटरपर्यंत लांबीच्या व १,२०० घनसेंटिमीटरपर्यंत पेट्रोल-इंजिन असलेल्या संकरित गाडीवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के कर आहे. वर नावे घेतलेल्या २०२२ च्या तिन्ही पूर्ण संकरित गाड्या दुसऱ्या वर्गात मोडतात. पूर्वी अशा गाड्यांवर अधिभारासह ४३ टक्के भार होता. नव्या गाडीची किंमत घटली की जुनीचीही घटावयास हवी. म्हणून वापरलेल्या गाडीच्या भावाची तुलना जुन्या पावतीशी न करता आजच्या नव्या गाडीच्या किमतीशी करावी.

वापरलेल्या गाडीत मूळ जादा किमतीचा काही भाग पहिल्या मालकाने सोसलेला असतो आणि पेट्रोलची बचत मात्र दुसऱ्याला बव्हंशी तशीच मिळते. येथेच बियाण्याशी असलेले साम्य संपते. संकरित मोटारीचा गुण दुसऱ्या हाती गेल्याने नाहीसा होत नाही. मात्र जुन्या गाडीच्या कर्जावरील व्याज सामान्यतः अधिक असते आणि मुदत कमी. तोही आकडा ताळ्यात धरावा.

बॅटरीची परीक्षा

खरी चिंता बॅटरीची. भारतात टोयोटा, मारुती आणि होंडा यांच्या या गाड्यांच्या मुख्य बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत हमी दिलेली आहे. २०२२ ची गाडी घेणाऱ्यास ही हमी २०३० पर्यंत पुरेल. पण ती चार वर्षांत दीड लाख किलोमीटर फिरलेली असेल, तर हमी संपल्यातच जमा आहे. दुसऱ्या मालकाकडे हमी कोणत्या अटींवर चालू राहते, हे अधिकृत सेवा केंद्राकडून लेखी घ्यावे.

पुढील गोष्टी तपासल्याविना बयाणा देऊ नये.

१. अधिकृत सेवा केंद्रात बॅटरीची संगणकीय तपासणी करून तिचा अहवाल घ्यावा. रस्त्यावरील पाच मिनिटांच्या फेरीत बॅटरीचे आरोग्य कळत नाही.

२. काही गाड्यांत बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची जाळी मागच्या आसनाजवळ असते. ती धुळीने किंवा सामानाने बंद झाली की बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य घटते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वापरलेल्या गाडीत ही जाळी आवर्जून पाहावी.

३. गाडी पुरात बुडाली होती काय, हे शोधावे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडमध्ये आलेले महापूर विसरण्याजोगे नाहीत. अशा पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या जिल्ह्यांत विकल्या जाण्याचा धोका असतो. साध्या गाडीत चिखल धुता येतो. संकरित गाडीत उच्च दाबाच्या जोडांना गंज चढला तर तो जिवावर बेतू शकतो. गालिच्याखालची माती, आसनांच्या पट्ट्यांच्या मुळाशी असलेले डाग आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहास तपासावा.

४. सेवा-नोंदीतील किलोमीटर आणि गाडीच्या फलकावरील किलोमीटर जुळतात की नाही हे पाहावे.

५. एप्रिल २०२३ पूर्वी बनलेल्या गाडीला वीस टक्के इथेनॉल-मिश्रित पेट्रोल चालते काय, हे उत्पादकाच्या माहिती-पुस्तिकेत वाचावे.

नारिंगी रंगाच्या तारा उच्च दाबाच्या असतात. त्यांना गावच्या मिस्त्रीने, तो कितीही कुशल असला तरी, प्रशिक्षणाविना हात लावू नये. सेवा केंद्र शंभर किलोमीटर दूर असेल, तर तेही खर्चाचेच कलम समजावे. बाकी, या गाडीचे ब्रेक कमी झिजतात, आणि पूर्ण संकरित गाडीत नेहमीचा क्लच नसल्याने तो बदलण्याचा खर्चही नाही. जुनी बॅटरी निकामी झाल्यास ती भंगारवाल्याकडे देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तिच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

कागदपत्रांची शुद्धता

शेवटचा मुद्दा कागदांचा, आणि तो विकणाऱ्याच्याही हिताचा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार, गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरणाची सूचना नोंदणी प्राधिकाऱ्यास द्यावयाची असते. त्यासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. कर्ज फिटले असल्यास नमुना ३५ ने बोजा उतरवावा. परराज्यातील गाडीसाठी नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. विमा स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा.

गाडी दिली, पैसे घेतले, नाव मात्र बदलले नाही, असे व्यवहार ओळखीपाळखीत सर्रास होतात. ६ फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच मालक मानला जाईल. गाडी चार हात पुढे गेली तरी पहिल्या मालकाच्या दारी नोटीस येऊ शकते. वापरलेल्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना १ एप्रिल २०२३ पासून नोंदणी प्राधिकाऱ्याचे प्राधिकारपत्र आवश्यक झाले आहे. व्यापाऱ्याकडून घेताना किंवा त्याला देताना ते मागण्यात संकोच करू नये.

बंधुभगिनींनो, या साऱ्याचे सार थोडक्यात असे. ज्याचे फिरणे शहरी रहदारीत आणि पुष्कळ आहे व गाडी दहा वर्षे ठेवावयाची आहे, त्याला नवी संकरित मोटार परवडते. फिरणे मध्यम, सेवा केंद्र जवळ आणि बॅटरीच्या हमीची चार वर्षे तरी शिल्लक असलेली गाडी योग्य भावात मिळत असेल, तर वापरलेली घेणे शहाणपणाचे. आणि ज्याचे फिरणे थोडे, रस्ता मोकळा व सेवा केंद्र दूर, त्याने साध्या गाडीवर समाधान मानून उरलेले साडेतीन लाख मुलांच्या शिक्षणासाठी किंवा विहिरीच्या कामासाठी राखून ठेवले, तर त्यात कमीपणा काहीच नाही. बियाणे आपल्या जमिनीला आणि आपल्या पाण्याला मानवते की नाही हे पाहूनच शेतकरी पिशवी उचलतो. मोटार घेताना तेवढीच चौकसी पुरेशी आहे.