बूट एका पायाचा, निवड दोन्ही पायांची

आज रिसोडहून बोलतोय, आणि विषय आहे माझा मोडलेला पाय.

सोयाबीनच्या हंगामात एसटीतून उतरताना पाय मुरगळला. एक्स-रे काढला, तर करंगळीमागच्या हाडाला फ्रॅक्चर! डॉक्टर म्हणाले, प्लास्टर नको, सहा आठवडे वॉकिंग बूट घाला. मी मोबाईलवर फोटो पाहून मागवला. बूट आला, पायात बसलाही. पण आठवड्यात पाय राहिला बाजूला, कंबरच दुखायला लागली!

आई म्हणाली, "काहून रे असा वाकडा चालून राह्यला?"

तेव्हा लक्षात आलं. या बुटाचा तळ जाड असतो, त्यामुळे तो पाय उंच होतो. दुसऱ्या पायात तेवढ्याच उंचीचा बूट नसेल, तर कंबर तिरकी होते. आणि आपण घरात चप्पल काढतो ना! म्हणजे एक पाय बुटात, दुसरा उघडा. सगळ्यात जास्त फरक घरातच. मग मी जाड तळाचे जुने स्पोर्ट शूज धुऊन फक्त घरासाठी ठेवले. कंबर दोन-तीन दिवसांत सुधारली.

जयपूर फूट आठवतो? १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो कृत्रिम पाय घडवला. अनवाणी चालणाऱ्या, मांडी घालून बसणाऱ्या माणसांना परदेशी पाय जमत नव्हता, म्हणून. आपलं जगणं बघून वस्तू निवडायची, ती अशी.

तर बूट घेताना काय बघायचं? उंच की आखूड, ते डॉक्टरांनाच विचारा. शक्यतो दुकानात जा, संध्याकाळी जा, कारण तेव्हा पाय जास्त सुजलेला असतो. लांब मोजा घालून बूट चढवा. टाच पूर्ण मागे टेकवा, मग पट्टे आवळा. टाच आत वर-खाली होत असेल तर तो बूट ढिला. बोटं हलली पाहिजेत. तळ होडीसारखा थोडा वळलेला हवा, म्हणजे पाऊल आपोआप पुढे पडतं. आणि दुसऱ्या पायात रोजचा बूट घालून दुकानातच दहा पावलं चाला.

जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी बुटाचा. बूट घालून गाडी चालवू नका. रात्री काढायचा का, हेही डॉक्टरांनाच विचारा.

बोटं निळी, गार किंवा बधिर पडली, तर पट्टे लगेच सैल करा आणि डॉक्टरांना फोन लावा. पोटरी सुजून दुखली किंवा धाप लागली, तर थांबू नका, थेट दवाखाना गाठा. घरात कुणाला मधुमेह असेल, तर त्यांची त्वचा रोज तपासा. जखम झाली तरी त्यांना कधीकधी कळत नाही.

माझं हाड जुळलं, पण तो कंबरदुखीचा आठवडा फुकट गेला. तुमचा जाऊ नये, म्हणून हा एपिसोड. ज्याचा पाय मोडलाय, त्याला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!