जिप्सम सीलिंगच्या भेगा : कारणे आणि दुरुस्ती

जिप्सम बोर्डाच्या फॉल्स सीलिंगला तडा जातो तो बहुतेक वेळा सांध्यावर. साडेबारा मिलिमीटर जाडीच्या बोर्डात जिप्समचा थर दोन्ही बाजूंच्या कागदाने धरलेला असतो, त्यामुळे मधला भाग सहसा फुटत नाही. दोन बोर्ड जिथे भेटतात तिथे कागद तुटलेला असतो आणि छताची हालचाल तिथेच उघडी पडते.

ही हालचाल टाळता येत नाही. जिप्सम ओलाव्याने किंचित फुगते, कोरड्या हवेत आखडते. उष्णतेने वाढते, गारव्यात आकसते. हवेची सापेक्ष आर्द्रता 80 टक्क्यांवरून 30 वर आली, तर पाच मीटर लांबीचे छत सुमारे पावणेदोन मिलिमीटरने आखडते. वडोदऱ्याच्या दक्षिणेकडील तरसाली, मकरपुरा भागातल्या टेनामेंटांना आणि फ्लॅटांना हे चक्र दरवर्षी सोसावे लागते. मे महिन्यात हवा कोरडी असते, पण पारा चाळिशीपार जातो. दोन परिणाम एकमेकांना काही अंशी खोडतात. पावसाळ्यात बारीक भेगा मिटल्यासारख्या दिसतात. हिवाळ्यात मात्र गारवा आणि कोरडेपणा एकाच दिशेने ओढतात. दिवाळीपूर्वी रंगवलेल्या छतावर उत्तरायणाच्या सुमारास सांध्यांच्या रेषा उमटतात त्या यामुळेच.

भरण्याआधी भेग वाचावी लागते. सरळ, केसासारखी रेषा दर चार फुटांवर दिसत असेल, तर सांध्यावर टेप लावलेली नाही किंवा ती नीट बसलेली नाही. भिंतीलगतची भेग वेगळी: भिंत आणि छत आपापल्या गतीने हलतात, त्यात वरच्या मजल्यावर उन्हाने तापणाऱ्या स्लॅबची भर पडते. एसीच्या किंवा दिव्याच्या चौकोनी कापाच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, कारण ताण कोपऱ्यात साठतो. पंख्याभोवती तडे असतील तर पंख्याची वाटी बोर्डाला टेकते का, हे आधी पाहावे. पंख्याचा भार स्लॅबमधल्या हुकावरच हवा, बोर्डावर कधीही नाही. तपकिरी डाग, फुगवटा किंवा खाली आलेले छत ही गळतीची खूण; तिथे गच्ची किंवा वरचे बाथरूम दुरुस्त होईपर्यंत सीलिंगला हात लावण्यात अर्थ नाही. भिजून मऊ झालेला तुकडा कापून बदलावाच लागतो. वरच्या स्लॅबलाच तडा असेल किंवा त्यातील सळई गंजली असेल, तर ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचे.

वारंवार उघडणाऱ्या भेगेचे मूळ पुष्कळदा सांगाड्यात असते. बोर्ड धरणाऱ्या जीआय पट्ट्या साधारण 450 मिलिमीटरवर आणि स्क्रू 230 मिलिमीटरवर हवेत. हाताने दाबल्यावर बोर्ड हलत असेल, तर आधी जास्तीचे स्क्रू मारावेत. डोके कागदात किंचित रुतावे, कागद फाटू नये.

मग सैल भाग खरवडून भेग इंग्रजी व्हीच्या आकारात उघडावी, धूळ पुसावी, जॉइंटिंग कंपाउंड भरावे. त्या ओल्या थरातच कागदी टेप दाबून बसवावी आणि पात्याने जादा माल काढावा. सर्वाधिक फसगत इथेच होते: टेपशिवाय पीओपी किंवा भिंतीची पुट्टी भरून काम उरकले जाते. कडक भरण ताण सोसत नाही आणि पुढच्या हिवाळ्यात तीच रेषा परत दिसते. पहिला थर पूर्ण सुकल्यावर दुसरा, त्यावर तिसरा, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद. शेवटची रुंदी फूटभर. मग हलका सँडपेपर, प्राइमर, रंग.

भिंतीलगतच्या भेगेत कंपाउंड टिकत नाही. तिथे रंग बसणारे लवचीक अॅक्रिलिक सीलंट भरावे, किंवा नवे काम असेल तर कडेला मुद्दाम खाच सोडावी. मोसमी भेगांची दुरुस्ती डिसेंबर-जानेवारीत करावी. भेग तेव्हा सर्वाधिक उघडी असते. पुढे छत फुगते तेव्हा भरणावर ओढ न बसता दाब येतो. कोरड्या हवेत थरही वेळेवर सुकतात. जुलै-ऑगस्टमध्ये एकेका थराला दिवसाहून अधिक वेळ लागू शकतो.