मूळ आतड्यात, दुखणं दूर



डॉक्टरांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. अध्यक्षाने एखाद्या विषयाचा आढावा घ्यावा, ही आपली पद्धत. आतड्यातले जिवाणू, आतड्याचं अस्तर आणि शरीरात इतरत्र होणारे आजार हा विषय मी निवडला, त्याला कारण आपले रुग्ण. हल्ली रुग्ण तपासणीचे कागद घेऊनच येतो. शौचातल्या जिवाणूंची रंगीत वर्तुळं, ‘झोन्युलिन’चा आकडा आणि खाली तांबड्या अक्षरांत ‘लीकी गट’, म्हणजे पाझरणारं आतडं. मग विचारतो, “डॉक्टर, माझी सांधेदुखी, थकवा, केस गळणं, सगळं यामुळेच ना?” आपल्यातले काही जण हसून विषय टाळतात, काही जण कॅप्सूल लिहून देतात. या प्रश्नाला नीट उत्तर देता आलं पाहिजे, आणि ते देता येतं, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात पुण्यापासून करू. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यातून गियाँ-बारे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण एकामागून एक दाखल होऊ लागले. तोवर जीबीएस हे नाव न्यूरॉलॉजीच्या वॉर्डाबाहेर फारसं ऐकू येत नव्हतं. महिन्याभरात ते रिक्षावाल्यांच्या तोंडी झालं. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. काही दगावले, कित्येकांना व्हेंटिलेटर लागला. अनेकांच्या हकिगतीत एक गोष्ट सारखी होती: पायांतली ताकद जाण्याआधी काही दिवस जुलाब झाले होते. शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला आणि चौकशीचा रोख पिण्याच्या पाण्याकडे वळला.

जुलाब आतड्यात, लुळेपणा पायांत. हा संबंध आपण ठामपणे का मांडू शकतो? कारण साखळीतली एकेक कडी माहीत आहे. या जिवाणूच्या बाह्य आवरणावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या गँग्लिओसाइडसारखे दिसतात. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि तीच मज्जातंतूंवर उलटतात. मधला काळ साधारण एक ते तीन आठवड्यांचा. संसर्ग झालेल्या हजारांत सुमारे एकालाच हा त्रास होतो. पण होतो तेव्हा तो का झाला, हे सांगता येतं.

यातून मी चार प्रश्न काढतो. नेमका कोणता जंतू किंवा कोणता रेणू? आतड्यातला बदल आधी झाला की आजार आधी? आतड्यात हस्तक्षेप केला तर माणसाचा आजार बदलतो का? आणि दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या हातांनी केलं तरी तोच निष्कर्ष येतो का? पुढचं सगळं भाषण या चार प्रश्नांच्या आधारे आहे.

आधी अस्तराविषयी थोडं. आतड्याचा आतला पृष्ठभाग टेनिस कोर्टाएवढा, असं आपण विद्यार्थिदशेत पाठ केलं. २०१४मध्ये स्वीडिश संशोधकांनी नव्याने मोजमाप केलं, तेव्हा पचनमार्गाचा पृष्ठभाग सुमारे ३२ चौरस मीटर भरला. माणसाच्या पेशींच्या दहापट जिवाणू शरीरात असतात, हेही वाक्य असंच चालत आलेलं. २०१६च्या मोजणीनुसार जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी आणि आपल्या पेशी ३० लाख कोटी. या दुरुस्त्या मुद्दाम सांगतो, कारण या विषयात गोल आकडे फार लवकर लोकप्रिय होतात.

हे अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर, आणि तोही काही दिवसांत नवा होणारा. मोठ्या आतड्यात त्यावर श्लेष्म्याचे दोन पदर असतात; बाहेरच्या पदरात जिवाणू राहतात, आतला बहुतेक निर्जंतुक असतो. पेशींमधल्या फटी टाइट जंक्शननी सांधलेल्या असतात. पूर्वी प्रत्येक शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा, तशी ही व्यवस्था आहे. माल आत यायलाच हवा, नाहीतर शहर उपाशी मरेल. पण काय आलं, किती आलं, यावर नजर हवी. म्हणून अस्तरातून काहीतरी झिरपतं, एवढ्यावरून आजार ठरत नाही. निरोगी माणसातही झिरपतं. संसर्गात, दाहात, वेदनाशामक गोळ्यांनी, अति मद्यपानाने ते वाढतं. प्रश्न असतो किती, काय आणि किती दिवस, हा.

आतड्यातून रक्त आधी पोर्टल व्हेनने यकृतात जातं. म्हणून या विषयातला सर्वांत जुना आणि भक्कम पुरावा यकृताचाच आहे. सिरॉसिसचा रुग्ण असंबद्ध बोलू लागतो, हात थरथरतात, शुद्ध हरपते. बिघाड मेंदूत दिसतो, पण अमोनियाचा मोठा वाटा आतड्यात, जिवाणूंच्या कामातून तयार झालेला असतो. १९६०च्या दशकापासून आपण लॅक्टुलोज देतो, म्हणजे मेंदूच्या आजाराला आतड्याचं औषध देतो. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रिफॅक्सिमिन हे प्रतिजैविक घेणाऱ्यांपैकी २२ टक्के रुग्णांना सहा महिन्यांत मेंदूच्या या त्रासाचा पुन्हा झटका आला, प्लासिबो गटात ४६ टक्क्यांना. दोन्ही गटांतले बहुतेक रुग्ण लॅक्टुलोज घेतच होते. जलोदराच्या पाण्यात आपोआप होणारा संसर्ग (एसबीपी) घ्या: तिथे सापडणारे जंतू बहुतांशी आतड्यातलेच असतात. चारही प्रश्नांना इथे उत्तर मिळतं. आतडं आणि मेंदूचं नातं ही काल निघालेली कल्पना नाही. तालुक्याच्या रुग्णालयातला डॉक्टर त्यावर रोज उपचार करतो.

भक्कम पुरावा पाहिला. आता जिथे पुरावा नव्हता तिथे काय झालं, ते पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये इल्या मेचनिकॉव्ह होते. भक्षक पेशींवरच्या कामासाठी १९०८चं नोबेल त्यांना पॉल एर्लिश यांच्यासह मिळालं. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंची विषं माणसाला अकाली म्हातारं करतात, अशी त्यांची धारणा होती आणि आंबवलेल्या दुधावर त्यांचा भरवसा होता. कल्पना तर्काला धरून होती. लंडनमध्ये गायज हॉस्पिटलचे नामांकित सर्जन सर विल्यम आर्बथनॉट लेन यांनी ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेली. बद्धकोष्ठातून शरीरभर विषबाधा होते असं मानून त्यांनी रुग्णांची मोठी आतडी काढायला सुरुवात केली. तक्रार डोकेदुखीची असो, सांध्यांची असो की उदासीची, कारण एकच. काही रुग्ण या शस्त्रक्रियांनी दगावले.

१९१९मध्ये वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकन डॉक्टरने एक साधा मुद्दा मांडला. शौचाला होताच डोकं हलकं होतं; विष रक्तात भिनलं असतं तर ते एवढ्या लवकर कसं उतरलं असतं? ही लक्षणं गुदाशय ताणला गेल्याने येत असावीत. पुढे गुदाशयात कापूस भरून तशीच लक्षणं निर्माण करून दाखवली गेली. विष नाही, तरी लक्षणं तीच. लेन यांच्या हाताला कौशल्य कमी नव्हतं. मात्र आतडं काढल्याने आजार खरंच बदलतो का, हा तिसरा प्रश्न त्यांनी तुलनेच्या कसोटीवर घासला नाही.

आजचा बाजार हाच जुना माल नव्या वेष्टनात विकतो. झोन्युलिनचं उदाहरण घ्या. पटकीच्या जंतूच्या एका विषाचा अभ्यास करताना बाल्टिमोरच्या अलेस्सिओ फसानो यांना टाइट जंक्शन सैल करणाऱ्या मानवी प्रथिनाचा माग लागला. २०००मध्ये त्यांनी ते मांडलं. संशोधन म्हणून ते मोलाचं आहे. पण २०१८मध्ये तपासणीच्या प्रचलित किट बारकाईने पाहिल्या, तेव्हा त्या झोन्युलिन म्हणून भलतीच प्रथिनं मोजत असल्याचं आढळलं. टाइट जंक्शन आवळणारं लॅराझोटाइड हे औषध सिलिअ‍ॅक आजारासाठी तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत पोहोचलं. २०२२मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. तरीही त्या आकड्याचे कागद छापले जातात आणि आपल्या टेबलावर येतात.

पार्किन्सन्सची गोष्ट जास्त प्रामाणिक आहे. अनेक रुग्णांत हात थरथरण्याच्या कित्येक वर्षं आधी बद्धकोष्ठ सुरू होतं, हे पक्कं. रोगाची सुरुवात आतड्याच्या मज्जातंतूंत होत असावी, असं जर्मनीच्या हायको ब्राक यांनी २००३मध्ये सुचवलं. व्हेगस मज्जातंतू पूर्ण कापलेल्या रुग्णांत हा आजार कमी दिसला, असं डेन्मार्कमधल्या नोंदींवरून २०१५मध्ये मांडलं गेलं. २०१६मध्ये कॅलटेकच्या उंदरांवरच्या प्रयोगांनी जिवाणूंचा सहभाग दाखवला. मग माणसांत निरोगी दात्याच्या शौचातले जिवाणू रोपून पाहिले. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांपैकी बेल्जियममध्ये थोडा फायदा दिसला, फिनलंडमध्ये दिसला नाही. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाला अर्धं उत्तर मिळालं, चौथ्यावर गाडी अडली आहे. लठ्ठपणा, मधुमेह, नैराश्य यांच्याबाबतही परिस्थिती बरीचशी अशीच. रुग्णाला हे सांगायला लाजायचं कारण नाही: “संबंध दिसतो, उपचार अजून ठरलेला नाही.”

मित्रहो, या विषयाचा आपल्या देशाला सर्वांत जवळचा भाग मात्र श्रीमंतांच्या कॅप्सूलमध्ये नाही, तो लहान मुलांत आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये सेल्विन बेकर आणि व्ही. आय. मथन यांनी दक्षिण भारतातल्या गावकऱ्यांची आतडी अभ्यासली. लक्षणं नसलेल्या माणसांतही लहान आतड्याच्या रसांकुरांची रचना बदललेली होती आणि शोषण कमी होतं. सतत घाणीच्या संपर्कात राहिलेल्या आतड्याची ही अवस्था. असं आतडं असलेल्या मुलाला जुलाब नसतीलही. पण खाल्लेलं अंगी लागत नाही, दाह धुमसत राहतो आणि उंची खुंटते.

याच मुलांत तोंडी लसी कमी पडतात. रोटाव्हायरसच्या जुलाबांवरच्या रोटाव्हॅक या भारतीय लसीची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे इथे ६,७९९ बाळांवर झाली. पहिल्या वर्षी तीव्र आजारापासून संरक्षण सुमारे ५६ टक्के होतं. अशाच दुसऱ्या लसी युरोपात ९० टक्क्यांच्या पुढे जातात. आईकडून आलेली प्रतिपिंडं, आतड्यात आधीच असलेले इतर विषाणू आणि हे बदललेलं अस्तर, अशी अनेक कारणं यामागे असावीत. तरीही ५६ टक्के म्हणजे असंख्य बाळांचा जीव, लस द्यायचीच.

मग संडास बांधले, पाणी शुद्ध केलं, हात धुतले की मुलं वाढतील? बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेमध्ये २०१८-१९ला प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत घरापुरत्या अशा उपायांनी उंची वाढली नाही. म्हणून स्वच्छता सोडायची नसते. घरापुरती सुधारणा पुरत नाही, अख्ख्या वस्तीचं पाणी आणि मैला हाताळावा लागतो, असा मी त्याचा अर्थ लावतो. आशेची बातमीही बांगलादेशातूनच आली. ढाक्याच्या मीरपूर वस्तीत हरभरा, शेंगदाणा, सोयाबीन आणि कच्चं केळं यांचा, आतड्यातल्या हितकारक जिवाणूंना पोसणारा आहार मध्यम कुपोषित मुलांना तीन महिने दिला. उष्मांक कमी असूनही नेहमीच्या पूरक आहारापेक्षा वजनाची वाढ चांगली झाली, असं २०२१मध्ये प्रसिद्ध झालं. चाचणी लहान होती, उंचीवर परिणाम दिसला नाही. पण यातला एकही पदार्थ आपल्या बाजारात दुर्मीळ नाही. असा अभ्यास मेळघाटात आणि नंदुरबारमध्ये आपल्या अंगणवाड्यांसोबत व्हावा, असं मला वाटतं.

आता आपल्या पेनाकडे येतो. साध्या जुलाबाला ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोल, सोबत प्रोबायोटिक आणि वर आम्ल कमी करणारी पीपीआय, ही चिठ्ठी महाराष्ट्रात कुठेही वाचायला मिळते. बहुतेक जुलाब आपोआप थांबतात. प्रतिजैविकांनी आतड्यातले जिवाणू उद्ध्वस्त झाले की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल कसा माजतो, हे जगाने पाहिलं आहे. या संसर्गावरच्या अ‍ॅमस्टरडॅमच्या २०१३च्या चाचणीत दात्याच्या शौचातले जिवाणू दिलेल्या १६ पैकी १३ जण पहिल्याच वेळी बरे झाले, व्हँकोमायसिनने १३ पैकी ४. आणि झालेलं नुकसान प्रोबायोटिकने भरून निघतं, हेही गृहीत धरू नका. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या २०१८च्या छोट्या अभ्यासात प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांच्या आतड्यात स्वतःचे जिवाणू परतायला उलट उशीर लागला.

म्हणून खुल्या सत्रासाठी मी चार ठराव सुचवतो. पहिला: जुलाबाच्या रुग्णाला आधी ओआरएस, मुलांना झिंक, प्रतिजैविक फक्त रक्तमिश्रित जुलाब, पटकीचा संशय किंवा तसंच ठोस कारण असेल तेव्हा, आणि ते कारण केसपेपरवर लिहायचं. दुसरा: ज्या तपासणीने उपचार बदलणार नाही, ती झोन्युलिनची असो की शौचातल्या जिवाणूंची, आपण करायला सांगायची नाही. अशा तपासण्यांवरचं कमिशन हा विषयही याच ठरावात यावा. तिसरा: जुलाबानंतर हातापायांत अशक्तपणा आलेले रुग्ण एकाच भागातून येऊ लागले, तर त्याच दिवशी आरोग्य खात्याला कळवायचं, कारण अशा वेळी खरा उपचार नळाच्या पाण्यावर करायचा असतो. चौथा: पीपीआय सुरू करताना ती बंद कधी करायची, हे चिठ्ठीतच लिहायचं.

यातल्या एकाही ठरावाला नवं यंत्र लागत नाही, परदेशी किटही नाही. आतड्याचे दूरवरचे परिणाम आपण खरे मानत असू, तर आतड्यावर रोज परिणाम करणारी आपली चिठ्ठी आधी दुरुस्त केली पाहिजे; मगच रुग्णाच्या हातातल्या कागदावर बोलण्याचा अधिकार आपल्याला राहील. या ठरावांवर कडक चर्चा करा, माझे मुद्दे खोडून काढा, पण निर्णय घेऊनच उठा.