बाहुलीची कंबर कुणी ठरवली?

आज मी तुमच्याशी बाहुलीबद्दल बोलणार आहे. हो, बाहुली. मुलग्यांनो, लगेच पुढचा एपिसोड लावू नका, तुमच्या वाटणीचंही यात काहीतरी आहे.

झालं असं, मागच्या महिन्यात ताईकडे गेले होते. माझी भाची सात वर्षांची आहे. तिथे माळ्यावरच्या बॅगेत ताईची लहानपणीची बार्बी सापडली. केस पार विस्कटलेले, अंगावर कपडा नाही. भाचीनं लगेच ऑर्डर सोडली, "मावशी, हिला घागरा शिव." घरात ब्लाउजपीसचा तुकडा होता, म्हटलं चला. टेप घेऊन मापं घेतली. उंची साडेअकरा इंच, कंबर सव्वातीन इंच. मग भाचीला स्वतःचंही माप हवं झालं. तिची कंबर भरली 21 इंच.

आता गंमत बघा. ही बाहुली माणसाच्या साधारण एक षष्ठांश मापाची असते. म्हणजे सहानं गुणायचं. उंची झाली पाच फूट नऊ इंच. कंबर झाली साडेएकोणीस. पावणेसहा फुटी बाई, आणि कंबर दुसरीतल्या मुलीपेक्षा दीड इंचानं कमी! मी हे हसत हसत मोठ्यानं बोलले. भाची हसली नाही. तिनं श्वास ओढून पोट आत घेतलं आणि म्हणाली, "मावशी, आता मोज."

मला काय बोलावं ते सुचेना. घरी आले आणि वाचायला बसले, की ही कंबर आली कुठून?

बार्बी बाजारात आली 9 मार्च 1959 ला, न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत. आणणारी बाई होती रूथ हँडलर. तिची मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांशी खेळताना त्यांना मोठ्या बायका बनवायची. तेव्हा मुलींच्या हातात बहुतेक तान्ह्या बाळाच्या बाहुल्या असायच्या, म्हणजे खेळ एकच, आई होण्याचा. रूथला वाटलं, मुलींना पुढच्या आयुष्याची वेगवेगळी स्वप्नं खेळता यावीत. विचार चांगलाच होता, मला आजही पटतो. पण शरीर कुठून घेतलं? युरोपच्या ट्रिपमध्ये तिला 'लिली' नावाची जर्मन बाहुली दिसली. ती एका वर्तमानपत्रातल्या कार्टूनवरून केलेली होती, आणि मुख्यतः मोठ्या पुरुषांना गंमत म्हणून विकली जायची. म्हणजे मुलींच्या स्वप्नांसाठी जो साचा आला, तो मुळात मुलींसाठी बनलेलाच नव्हता.

कंपनीच्या लोकांनी बारीक कंबरेचं एक कारण वेळोवेळी दिलंय, ते म्हणजे कापड. खोटं वाटेल, पण घागरा शिवताना मी ते स्वतः अनुभवलं. बाहुली सहापट लहान करता येते, कापडाची जाडी नाही करता येत. नेफा दुमडला, नाडी ओवली, चुण्या घातल्या, की सव्वातीन इंचांच्या कंबरेवर कापडाचं चांगलं जाड कडं तयार होतं. बाहुली ढोलकीसारखी दिसायला लागली! म्हणून आतलं अंग मुद्दाम बारीक ठेवायचं, म्हणजे कपडे चढवल्यावर ते ठीक दिसतं. 2014 मध्ये बार्बीच्या डिझाइन विभागाच्या प्रमुख बाईंनीही मुलाखतीत सांगितलं होतं, की हे शरीर खरं दिसावं म्हणून बनवलेलंच नाही, कपडे पटकन घालता-काढता यावेत म्हणून बनवलंय.

ठीक आहे, मान्य. पण मग 1965 च्या 'स्लंबर पार्टी' बार्बीचं काय करायचं? तिच्यासोबत एक चिमुकला वजनकाटा यायचा, 110 पौंडांवर स्थिर केलेला. म्हणजे जेमतेम 50 किलो, पाच फूट नऊ इंच उंचीला. आणि सोबत वजन कसं घटवायचं याचं छोटंसं पुस्तक. आत सल्ला काय? खाऊ नका. बस. हा कापडाचा प्रश्न नव्हता. कुणीतरी मोठ्या माणसानं टेबलावर बसून ठरवलं होतं, की मुलींच्या खेळण्यात काटा असायला हवा.

आता मुलग्यांची वाटणी. 1996 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी बार्बी आणि केन दोघांची मापं माणसाएवढी केली आणि खऱ्या माणसांशी ताडून बघितली. केनसारखं शरीर साधारण 50 पुरुषांत एकाचं असू शकतं. बार्बीसारखं शरीर 1 लाखात एकीचंही नाही. एकाच डब्यातली जोडी, पण तिच्याकडून केवढी अपेक्षा आणि त्याच्याकडून केवढी, बघा.

आपल्याकडे साडी नेसलेली बार्बीही आली होती. साडी आपली, साचा तोच. त्याआधी माझ्या आईच्या पिढीत लाकडी ठकी होती, सावंतवाडीकडची, रंगवलेली. तिला कंबरच नव्हती, नुसता ठोकळा. आई सांगते, तरी तिचं लग्न थाटात लागायचं आणि भातुकलीत पंगती उठायच्या.

मग खरंच बाहुलीनं फरक पडतो का? इंग्लंडमध्ये 162 मुलींवर एक अभ्यास झाला, 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. मुली 5 ते 8 वर्षांच्या. काहींना गोष्ट सांगताना बार्बीची चित्रं दाखवली, काहींना भरल्या अंगाच्या 'एम' नावाच्या बाहुलीची, काहींना बाहुली नसलेली. बार्बी बघितलेल्या लहान मुलींना स्वतःचं शरीर कमी आवडलं आणि आणखी बारीक व्हावंसं वाटलं. सगळ्यात मोठ्या मुलींमध्ये मात्र तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे हा सगळा मामला चौथीच्या आतला आहे. आपण समजतो, अजून लहान आहे, तिला काय कळतंय.

आणि मग जानेवारी 2016 उजाडला. बार्बीला तीन नवीन शरीरं मिळाली: उंच, ठेंगणी आणि भरल्या अंगाची, तिला 'कर्व्ही' म्हणतात. टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. एकीचे कपडे दुसरीला होईनात, अगदी आपल्या ट्रायल रूमसारखं! मी वाचताना मनात टाळ्या वाजवत होते, चला, सुटला प्रश्न.

नाही सुटला. बाजारात आणण्याआधी कंपनीनं लहान मुलींना त्या बाहुल्या खेळायला दिल्या होत्या. टाइमच्या लेखात ते वर्णन आहे. मुली त्या भरल्या अंगाच्या बाहुलीला हसल्या. एक सात वर्षांची मुलगी 'फॅट' हा शब्द उच्चारायलाच तयार नव्हती, तिनं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. का? तर बाहुलीला वाईट वाटेल म्हणून. पुढे 2019 मध्ये अमेरिकेतल्या 3 ते 10 वर्षांच्या मुलींवर झालेल्या अभ्यासातही तेच आलं, खेळायला सगळ्यात नकोशी ही कर्व्हीच.

मी इथे थांबले. कंपनीनं साचा बदलला, तरी मुलींनी जुनाच निकाल दिला. तो निकाल त्यांना बाहुलीनं एकटीनं शिकवलेला नाही. मग कुणी?

आमच्याच घरातलं सांगते. जेवताना आजी भाचीला म्हणते, "दुसरी पोळी नको हं, सुटशील." शेजारच्या काकू दारातच, "काय गं, अंग धरलंस!" लग्नाला गेलं की पहिलं वाक्य, "किती बारीक झालीस!" आणि ते कौतुक असतं बरं का. पण पोट आत घ्यायला तिला कुणी शिकवलं? मला दोन दिवसांनी आठवलं. आम्ही सेल्फी काढतो ना, दर वेळी क्लिकच्या आधी मी म्हणते, "पोट आत!" मी. मजेत. ती शेजारी उभी असते.

हे तुम्हाला सांगायला मला लाज वाटतेय, पण सांगितलं नाही तर हा एपिसोड नुसता कंपनीला शिव्या घालण्याचा झाला असता.

म्हणून मग पुढच्या रविवारी परत गेले. टेप काढली आणि घरातल्या सगळ्यांच्या कंबरा मोजल्या. आजीची, भाऊजींची, माझी. भाचीनं कागदावर आकडे लिहिले. मग बाहुलीचा आकडा सहानं गुणायला दिला. तिनं बराच वेळ गुणाकार केला आणि विचारलं, "मग हिच्या पोटात पोळी राहते कुठे?" मी म्हटलं, राहतच नाही, म्हणून ती बिचारी काही खात नाही. घागऱ्याची जाड नाडीही दाखवली, कापडाची गोष्ट सांगितली. तिला ती भारी आवडली. सगळं सुटलं असं नाही. निघताना फोटो काढला तेव्हा तिनं पोट घेतलंच आत. मी काही बोलले नाही, फक्त माझं आत घेतलं नाही.

तर या आठवड्याचं काम. घरात किंवा सोसायटीत दहा वर्षांखालचं कुणी असेल, तर त्यांच्यासमोर सात दिवस कुणाच्याही अंगाबद्दल बोलायचं नाही. बारीक नाही, जाड नाही, कौतुकही नाही. स्वतःबद्दल तर अजिबात नाही. किती वेळा जीभ चावावी लागली ते मला व्हॉइस नोटवर सांगा. माझा आकडा पहिल्याच दिवशी नऊ होता.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, आणि पोटभर जेवा.