मद्यमुक्तीच्या वाटेवर सोबत : सहायता गटाची सभा कशी शोधावी?



ज्या घरात मद्याने मुक्काम ठोकला आहे, त्या घरात एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘मनात आणले तर याला सोडता येणार नाही का?’ या प्रश्नात माया असते, तसाच संताप आणि थकवाही असतो. परंतु मद्याचे अवलंबित्व हा आजार आहे. तो केवळ निश्चयाच्या अभावी जडत नाही आणि केवळ निश्चयाने सुटतोच असे नाही. त्यासाठी उपचार लागतात आणि दीर्घकाळ टिकणारी सोबतही लागते.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, मद्यपानाच्या समस्येसाठी मदतीची आवश्यकता असलेल्या व्यक्ती देशात सुमारे ५ कोटी ७० लाख आहेत. मद्यावर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी केवळ एकाने काही ना काही उपचार मिळाल्याचे सांगितले. बाकीचे लाजेपोटी, भीतीपोटी किंवा माहितीअभावी दूर राहतात. आपल्या घरातील व्यक्ती त्यांत राहू नये, यासाठी हे चार शब्द.

प्रथम वैद्यकीय सल्ला. अनेक वर्षे रोज मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी बंद केल्यास हातापायांना कंप सुटणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार दोन-चार दिवसांत घडू शकतात आणि ते प्राणावर बेतू शकतात. म्हणून शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागात अथवा व्यसनमुक्ती केंद्रात तपासणी करून घ्यावी. झटका किंवा भ्रम दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. रुग्णाच्या नकळत चहात वा जेवणात ‘दारू सोडवण्याचे औषध’ मिसळणे अत्यंत धोक्याचे आहे. तसे कदापि करू नये.

नंतर सोबत. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी दोन मद्यासक्त व्यक्तींनी परस्परांना आधार देत मद्यापासून दूर राहण्यास आरंभ केला. त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ अर्थात ‘एए’ ही बंधुता जगभर पसरली. आज भारतातील अनेक शहरांत तिच्या सभा भरतात. येथे कोणतेही शुल्क नाही. मद्यपान थांबवण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट आहे. सदस्यांची ओळख गुप्त राखली जाते आणि कोणत्याही धर्माचे वा पंथाचे बंधन नाही.

सभा कशी शोधावी? व्यसनमुक्तीसाठीच्या १४४४६ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर किंवा मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. व्यसनमुक्ती केंद्रातील समुपदेशकालाही विचारावे. त्यांना परिसरातील गटांची माहिती बहुधा असते. चौकशी करताना चार गोष्टी नेमक्या विचाराव्यात : सभेचा वार व वेळ कोणती, ती कोणत्या भाषेत चालते, नातेवाइकांना येता येईल अशी ती खुली आहे की केवळ सदस्यांसाठी आहे, आणि घरापासून जाणे-येणे सोयीचे आहे का. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबाला मराठीतील सभा जवळपास न मिळाल्यास, समजणाऱ्या अन्य भाषेतील सभेस अवश्य जावे. ऑनलाइन सभांचाही पर्याय आहे.

पहिल्या दिवशी काय होते? मंडळी एकत्र बसतात आणि ज्याला वाटेल तो आपला अनुभव सांगतो. नवागताने बोललेच पाहिजे असे नाही. नुसते ऐकले तरी चालते. कोणी उपदेश करीत नाही, कोणी जाब विचारीत नाही. पुढे एखादा जुना, अनुभवी सदस्य मार्गदर्शक म्हणून साथ देतो. मन अस्वस्थ झाले, पावले नकळत गुत्त्याकडे वळू लागली, तर दूरध्वनी करता येईल असे हक्काचे माणूस लाभते. एका गटात मन रमले नाही, तर दुसऱ्या गटात जाऊन पाहावे. मात्र वैद्यांनी दिलेली औषधे त्यांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नयेत.

कुटुंबीयांसाठी. मद्यपान एक जण करतो, झळ मात्र साऱ्या घराला लागते. पत्नी, आई-वडील, मुले यांच्यासाठी ‘अल-अनॉन’ हे स्वतंत्र गट आहेत. घरातील व्यक्ती उपचाराला तयार नसली, तरी आपण तेथे जाऊ शकता. मारहाण होत असल्यास मात्र गटाची वाट न पाहता ११२ या क्रमांकावर मदत मागावी. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे.

शेवटी एक विनंती. काही महिने संयम राखूनही कोणी पुन्हा पेल्याकडे वळला, तर त्याला ‘संपला’ म्हणू नका. पुनरावृत्ती हा या आजाराचा भाग असतो. त्या दिवशी टोमणे मारण्याऐवजी ‘चला, पुन्हा वैद्यांकडे जाऊ, पुन्हा सभेला जाऊ’ एवढेच म्हणा. सभेतील खुर्ची परत येणाऱ्यासाठीही असते. आज सायंकाळी मद्याची ओढ लागण्यापूर्वी, सकाळच्या शांत वेळी, एक दूरध्वनी करा.

आपणा सर्वांस निरामय आयुष्य लाभो.