शस्त्रक्रियेआधीचे ६ आठवडे
(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्याचा उच्चार आपल्या घरांतून सहसा होत नाही. स्तनांच्या अतिरिक्त भाराने मान, खांदे व पाठ यांना होणारी पीडा आणि तो भार कमी करणाऱ्या शस्त्रक्रियेची पूर्वतयारी, हा तो विषय होय. मी वैद्य नव्हे. माहिती खात्यात काम करणारी कलाशाखेची पदवीधर आहे. परंतु माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या दुखण्यात हे सारे मी जवळून पाहिले, आणि त्यांच्या अनुमतीनेच आपणांस सांगत आहे.

जाऊबाईंनी २० वर्षे हे दुखणे मुकाट्याने सोसले. खांद्यांवर पट्ट्यांचे खोल वळ, स्तनांखालची त्वचा घामाने सोललेली, मान सदैव आखडलेली. मलमे झाली, शेक झाले, "वयानुसार असे व्हायचेच" हा उपदेशही झाला. अखेर सर्जनांकडे गेल्यावर हा नटण्यामुरडण्याचा हव्यास नसून रीतसर उपचाराचा विषय आहे, हे उमगले. मुंबईचे जे. जे., पुण्याचे ससून यांसारख्या शासकीय रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत, हे अनेकींना ठाऊकही नसते.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली आणि एके सायंकाळी न्हाणीघराच्या कोनाड्यात मला मशेरीची डबी दिसली. सर्जनांनी तंबाखूविषयी विचारले, तेव्हा "मी विडी ओढत नाही" एवढेच त्या म्हणाल्या होत्या. आणि ते खरेही होते. परंतु मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातील निकोटीन हिरड्यांवाटे रक्तात उतरते व सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करते. या शस्त्रक्रियेत स्तनाग्र वरच्या बाजूस सरकवावे लागते. त्याला होणारा रक्तपुरवठा अपुरा पडल्यास जखम चिघळते. क्वचित स्तनाग्राची त्वचा मृतही होते. मी हे बोलून दाखविताच जाऊबाईंनी २ दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच म्हणाल्या, "चल, डॉक्टरांना सांगून येऊ." डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी मशेरी पूर्णपणे बंद करावयास सांगून तारीख ६ आठवडे पुढे नेली.

म्हणून पहिली तयारी सत्यकथनाची. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, पूर्वीची दुखणी, गर्भनिरोधक गोळ्या, ॲस्पिरिन, वैद्यबुवांचे काढे, यांतील काहीही लपवू नये. कोणते औषध केव्हा थांबवावयाचे हे डॉक्टरच ठरवितील. आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

दुसरी तयारी शरीराची. वजन शक्यतो स्थिर असावे. रक्ताची तपासणी होते. हिमोग्लोबिन कमी असल्यास ते आधी वाढवावे लागते. चाळिशीनंतर बहुधा मॅमोग्राफी करण्यास सांगतात. तिला घाबरू नये. एखादी गाठ असल्यास ती आधीच कळलेली बरी.

तिसरी तयारी प्रश्नांची. व्रण कोठे राहतील? ते कालांतराने फिकट होतात, पुसले जात नाहीत. स्तनाग्राची संवेदना कमी होईल काय? पुढे मूल झाल्यास अंगावर पाजता येईल काय? काहींना ते जमते, काहींना जमत नाही. म्हणून तरुण भगिनींनी हा प्रश्न आवर्जून विचारावा. वैद्यकीय नोंदीसाठी छायाचित्रे घेतात. ती कशासाठी व कोठे राहतील हे विचारण्याचा, आणि त्या वेळी परिचारिका जवळ असावी असे सांगण्याचा, आपणांस अधिकार आहे. संमतिपत्रावर समजून घेतल्यावाचून सही करू नये.

चौथी तयारी घराची, आणि आपल्याकडे तीच सर्वांत अवघड. शस्त्रक्रियेनंतर ४ ते ६ आठवडे पाण्याची कळशी, गॅसची टाकी, कडेवरचे नातवंड, काहीही जड उचलावयाचे नाही. आम्ही घरातील पुरुषांना बसवून कामे वाटून दिली. फळीवरची भांडी व डबे कमरेच्या उंचीवर आणून ठेवले. पुढून उघडणारी सैल पोलकी शिवून घेतली.

शेवटची गोष्ट लहान, पण मनाला लागणारी. भूल देण्यापूर्वी घन आहार किमान ६ तास बंद ठेवावा लागतो. पाणी केव्हा थांबवावयाचे ते रुग्णालय सांगते. अंगावरील दागिने काढावे लागतात, मंगळसूत्रसुद्धा. जाऊबाईंचा हात गळ्याशी अडखळला. तेव्हा सासूबाईंनी पुढे होऊन ते स्वतः काढून घेतले आणि म्हणाल्या, "बरी होऊन ये, मीच घालीन." हे बोलणे घरी आदल्या दिवशीच झालेले असावे, एवढेच मी सुचवीन.

जाऊबाईंची जखम नीट भरली. काढलेला भाग तपासणीस गेला होता. त्यातही काही दोष निघाला नाही. आज त्या ताठ मानेने चालतात, आणि न्हाणीघराच्या त्या कोनाड्यात आता दंतमंजनाची डबी असते.

आपणांपैकी जिला हे दुखणे असेल, तिने आधी घरातील एका विश्वासाच्या व्यक्तीजवळ बोलावे आणि मग तिला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे, एवढी विनंती करून मी थांबते.